रंगाआधी तारेची जाडी

रंगीत तांब्याची तार घ्यायला गेलं की हात आधी रंगाकडेच जातो. लाल, हिरवी, काळी, जांभळी, सगळीच रिळं घ्यावीशी वाटतात. पण माझं ऐकाल तर आधी जाडी ठरवा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला राहायला आल्यापासून मी साउथ प्लॅट नदीवर ट्राउट मासे धरायला जातो आणि त्यासाठीच्या फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले खोटे किडे आणि अळ्या, घरीच बांधतो.

याच नदीवर १९६०च्या दशकात 'ब्रॅसी' ही फ्लाय जन्मली. तिचं जवळजवळ सगळं अंग म्हणजे नुसती गुंडाळलेली तार. आज दुकानात तारेच्या एका जाडीलाच ब्रॅसी म्हणतात. १६ नंबरच्या गळावर ही जाडी छान बसते. २० नंबरचा गळ त्याहून लहान. त्यावर हीच तार गुंडाळली तर अळी फुगलेली दिसते, तिथे एक पायरी बारीक घ्यावी. तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड असल्यामुळे फ्लाय झटकन तळाशी जाते, आणि वेढ्यांमुळे अळीच्या अंगावरचे खंडही आपोआप दिसतात.

माझ्या काकांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिथली तारही अशीच, तांब्यावर इनॅमलचा थर. तिथे तो थर वीज अडवायचा, इथे रंग देतो. पंख्याची ३६ गेजची तार साधारण ०.१९ मिलिमीटर भरते. काका नवं रिळ आलं की तार बोटाभोवती घट्ट गुंडाळून नखाने खरवडून बघायचे. मी आजही तेच करतो. थर सुटला तर ते रिळ कामाचं नाही, कारण पहिल्याच दगडावर घासून रंग जाणार.

रंगांत लाल मला सगळ्यांत जवळचा. नदीच्या गाळात राहणाऱ्या कित्येक मिज-अळ्या, म्हणजे डासासारख्या बारीक माश्यांच्या अळ्या, खरोखरच लाल असतात. प्राणवायू कमी असलेल्या जागी तग धरायला त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. खोल पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विझतो हे खरं, पण मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, तिथे तो टिकतो. हिरवी तार कॅडिस या पाण्याकाठच्या किड्याच्या अळीसाठी, काळी मिजच्या कोषासाठी. कोलोरॅडोच्याच जॉन बार यांची 'कॉपर जॉन' ही फ्लाय बांधायची तर साधी तांबूस तार हवीच. जांभळी मी घेत नाही.

खालच्या दोऱ्याचा रंगही तारेला साजेसा घ्या. वेढ्यांत फट राहिली की पांढरा दोरा लगेच डोळ्यात भरतो. आणि उरलेलं टोक चांगल्या कात्रीने कापू नका, धार जाते. ते गळाजवळ धरून गोल गोल फिरवा, तार बुडाशीच तुटते आणि टोचरं टोक राहत नाही.