फटीतलं

तीन दिवसांच्या झडीनंतर काल दुपारी उघडीप मिळाली. गाडी बाहेर काढली आणि पाहतो तर पेव्हर ब्लॉकच्या फटीफटीत हिरव्या रेघा. चहा व्हायला वेळ होता, म्हणून तिथेच उकिडवा बसलो.

माझं हत्यार ठरलेलं आहे. हॅकसॉचं तुटकं पातं, एका टोकाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळलेलं. खुरपं फटीत शिरत नाही आणि स्क्रू ड्रायव्हरने ब्लॉकचे कोपरे उडतात. शेजाऱ्यांनी मीठ, व्हिनेगर, उकळतं पाणी, सगळं सुचवून झालंय. तणनाशकही. पण औषध मारलं की गवत पिवळं पडून तिथेच उभं राहतं, उपटायचं सुख जातं. ओल्या मातीतून मूळ अखंड, शेपटीसकट सुर्रकन बाहेर येतं ना, ते सुख. भुईआवळी तशी येते. हरळी कधीच येत नाही. ती पेऱ्यापेऱ्यावर मुळं धरते, ओढली की तुटते आणि आठ दिवसांत पुन्हा हजर. लव्हाळा तर त्याहून बेरकी. वरचा झुपका आपल्या हातात, खालची गाठ वाळूत शाबूत. गाजर गवताला मात्र मी हातमोजा घालतो. १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेत आलं ते आमच्या पुण्यातच. त्याचाही इथे कुणाला तरी अभिमान असेलच.

आणि भाद्रपदात याच हरळीच्या जुड्या मी मंडईतून पैसे मोजून आणतो. गाडीच्या चाकाखालच्या दूर्वा देवाला कशा वाहायच्या, असं बायकोचं म्हणणं. बरोबरच आहे.

वाईला आजीच्या अंगणात शहाबादी फरशी होती. गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही नातवंडं ओळीने फटी कोरायला बसायचो. आजी जोत्यावर पाट टाकून बसे आणि तिथून हुकूम सोडी. आघाडा राहू दे, माका राहू दे, हरतालिकेला पत्री लागते. दगडी पाला राहू दे, कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटणारच आहे. मग उपटायचं तरी काय, असं विचारायची सोय नव्हती.

खरी अडचण पिंपळाची. कावळे-मैना फळं खाऊन कुठेही शिटायचे आणि न्हाणीघराच्या भिंतीत, चुन्याच्या सांध्यात, दर पावसाळ्यात एक तरी रोप डोकं काढायचं. पिंपळ तोडायचा नाही हे आजीचं पक्कं होतं. भिंत पडू द्यायची नाही हेही तितकंच पक्कं. तिने त्यातून वाट काढली होती.

"अरे, इकडे ये. तुझी मुंज व्हायचीय ना अजून? मग उपट तू. तुला दोष नाही."

पिंपळावर मुंजा असतो, आणि मुंजच न झालेल्या पोराशी त्याचं काय देणंघेणं, असा काहीसा तो हिशोब असावा. तांबूस, कोवळी चार पानं दिसायला. मूळ मात्र सांध्यात वीतभर आत. मी भिंतीला पाय लावून ओढायचो. आजी तेवढ्यापुरती तोंड फिरवून बसे. मूळ सुटलं की मी मागच्या मागे चिखलात, आणि ती विचारणार, "काय रे, पडलास कसा?"

आठव्या वर्षी माझी मुंज झाली आणि ते काम धाकट्याकडे गेलं. मग आत्याच्या मुलाकडे.

काल अर्ध्या फटी झाल्या आणि चहा दोनदा गार झाला. उरलेल्या आज करीन म्हणत होतो, तर सकाळपासून पुन्हा झड.

गेल्या महिन्यात वाईला जाऊन आलो. घर बंदच असतं आता. न्हाणीघराच्या भिंतीत पिंपळ आहे, माझ्या मनगटाहून जाड. आमच्या सगळ्यांच्याच मुंजी होऊन गेल्या.