‘थिंग’ आणि ‘गोष्ट’: सभेतून निघालेले दोन शब्द

इंग्रजीतील ‘थिंग’ हा शब्द आज इतका सैल झाला आहे की ज्याचे नाव आठवत नाही अशा कशालाही तो चालून जातो. परंतु इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांसारख्या एकाच कुळातील जर्मानिक भाषांमध्ये त्याचा सर्वांत जुना ज्ञात अर्थ वस्तू नव्हे, तर सभा असा होता. मोकळ्या जागी जमून तंटे मिटवणाऱ्या आणि कायदे ठरवणाऱ्या सभेला स्कँडिनेव्हियातील जुन्या नॉर्स भाषेत ‘थिंग’ म्हणत. या शब्दाच्या मुळाशी ‘नेमलेली वेळ’ ही कल्पना असावी, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. मला ते पटते, कारण विखुरलेल्या वस्त्यांतील माणसांना एकत्र यायचे तर आधी दिवस ठरावा लागतो.

उत्तरेकडे हा अर्थ अजूनही नांदतो आहे. आइसलंडची संसद ‘आल्थिंग’ इ. स. ९३० च्या सुमारास थिंगवेलिर येथे प्रथम भरली. कायदे लिहून काढण्याआधी तेथील विधिवक्ता दरवर्षी त्यांचा एक तृतीयांश भाग तोंडपाठ म्हणून दाखवत असे. मौखिक परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही व्यवस्था मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. नॉर्वेची संसद ‘स्टोर्टिंग’ आणि डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ यांच्या नावांतही तोच शब्द आहे. जर्मनमध्ये ‘डिंग’ म्हणजे केवळ वस्तू उरली; मात्र मंगळवारच्या ‘डीन्स्टाग’ या नावात सभेचा रक्षक देव दडलेला आहे, असे मानले जाते. ब्रिटनमधील रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळ ‘मार्स थिंक्सस’, म्हणजे ‘थिंग’चा मार्स, या देवाला अर्पण केलेला शिलालेख सापडला आहे, आणि मार्स म्हणजे रोमनांचा मंगळच.

सभेपासून वस्तूपर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला: आधी सभा, मग सभेपुढील तंटा, मग कोणतीही बाब आणि शेवटी हाती धरता येणारी वस्तू. लॅटिनमध्येही असेच घडले: ‘काउसा’ म्हणजे खटला किंवा कारण. त्यापासून फ्रेंच ‘शोज’ आणि इटालियन ‘कोझा’ हे वस्तुवाचक शब्द आले.

आपली ‘गोष्ट’ही याच वाटेने आली, याचे मला फार अप्रूप वाटते. ‘थिंग’शी तिचे काहीही नाते नाही. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गाई बांधण्याची जागा, ज्यापासून ‘गोठा’ झाला. ‘गोष्ठी’ म्हणजे सभा आणि सभेतील संभाषण. आणि मराठी ‘गोष्ट’ म्हणजे बाब. दादर-गिरगावातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ‘ही गोष्ट पुढच्या बैठकीत घेऊ’ असे कोणी म्हणते, तेव्हा हा शब्द आपल्या जुन्या घरीच वावरत असतो. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. इंग्रजीने ‘थिंग’ला टेबलखुर्चीपर्यंत नेले, मराठीत टेबलाला आपण सहसा ‘वस्तू’ म्हणतो, आणि ‘गोष्ट’ संभाषणाचा धागा धरून आजीच्या कहाणीकडे गेली.