मऊ पेडल: वणीच्या गडापासून आजपर्यंत

गेल्या महिन्यात वणीच्या गडावरून नांदुरीकडे उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेक पेडल मऊ पडलं. खाली अर्धा तास गाडी थंड केली, तर पेडल बरंचसं परत आलं. म्हणजे ऑइलला पाणी लागलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. मग घाटात वाफ होते, आणि ऑइल दबत नसलं तरी वाफ दबते.

शनिवार. जुनं ऑइल आणि आतली हवा काढून नवं ऑइल भरायला घेतलं. मागच्या डाव्या चाकाचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, गंजून बसलेलं. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी १० च्या रिंग पान्याने सोडवलं. इथे उघडा पाना अजिबात लावू नका, कोपरे गोल होतात.

रविवार. पेडलवर बाबा, चाकाशी मी. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला होता, कारण जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) पेडल तळापर्यंत गेलं तर आतली रबरं न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात.

"बाबा, दाबा. धरून ठेवा."

"धरलंय रे."

निपल सैल करायचं, त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे आले की आवळायचं, त्यानंतरच "सोडा". काढ्यासारखं काळपट ऑइल निघालं. मॅन्युअलप्रमाणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. तिरप्या सर्किटच्या गाड्यांत (एक पुढचं आणि त्याच्या तिरकं मागचं चाक एकाच सर्किटवर) हा क्रम वेगळा असू शकतो, आपापलं मॅन्युअल बघा. तिसऱ्या चाकाला ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघायची राहिली, हवा ओढली गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. अर्धा लिटर संपलं. कपाटात गेल्या वर्षीचा फोडलेला डबा होता, पण तो वापरला नाही, नवाच आणला.

एवढं करूनही पेडल खोल जात होतं. मात्र आता ते स्पंजासारखं लागत नव्हतं. दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. हा फरक ओळखायला मला दोन संध्याकाळी लागल्या. हवा असेल तर पेडल दाबताना लवचिक लागतं. एकदा पंप केल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर मागचे ब्रेक शू आणि ते ज्याला घासून चाक थांबवतात तो ड्रम, यांमधलं अंतर वाढलेलं असतं. हँडब्रेक सोडून बॅकप्लेटच्या (ड्रममागचा पत्रा) भोकातून हे अंतर कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टर फिरवला. ड्रम घासायला लागल्यावर थोडा मागे घेतला. पेडल पहिल्याच दाबात वर आलं. इंजिन चालू ठेवून मिनिटभर दाबून धरलं, खाली सरकलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक आहे.

आज आधी गल्लीत हळू, मग त्र्यंबक रोडला जाऊन आलो. छान धरतंय. निपलांच्या दोन रबरी टोप्या हरवल्यात, त्या उद्या आणायच्या. गडावर पुढच्या रविवारी, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये.