इंजिन खोलायच्या आधी पट्टी

‘गाडी ऑइल खाते, इंजिन पूर्ण खोलावं लागेल’ असं एका गॅरेजने लिहून दिलेला कागद घेऊन त्या बाई आमच्याकडे आल्या. खर्चाचा आकडा असा, की तेवढ्या पैशांत दारात कोरी गाडी यावी. त्यांची गाडी १९८६ ची पोर्शे ९११ कॅरेरा, ३.२ लिटरची. वडिलांनी जपलेली, ते गेल्यावर यांच्याकडे आलेली. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात चढावर ती निळा धूर सोडायची. दुसऱ्या मेकॅनिकचं मत घ्यायचं आणि तेच निघालं तर विकून टाकायची, असं ठरवूनच आल्या होत्या.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. गाडी लिफ्टवर घेण्याआधी मी एकच विचारलं, “तुम्ही ऑइल कसं बघता?”

“दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी. ऑइल मोजायची पट्टी कोरडी दिसली की थोडं ओतते.”

तिथेच मला निम्मं कळलं.

बहुतेक गाड्यांचं ऑइल इंजिनखालच्या भांड्यात, सम्पमध्ये साठतं, म्हणून ते इंजिन बंद असताना मोजतात. हवेने थंड होणाऱ्या ९११ चं तसं नाही. तिचा सम्प कोरडा. ऑइलची टाकी वेगळी, मागच्या उजव्या मडगार्डच्या आत, आणि पट्टी त्या टाकीत. एक पंप टाकीतून इंजिनला ऑइल देतो, दुसरा इंजिनच्या तळातलं ओढून परत टाकीत टाकतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. मग पट्टीला काही लागत नाही, पण ऑइल कुठे गेलेलं नसतं.

मोजायचं ते गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण तापलेलं आणि स्लोवर चालू ठेवून. ‘तापलेलं’ म्हणजे पाच मिनिटं फिरवलेलं नव्हे. ऑइल ८०–९० अंशांवर गेल्याशिवाय थर्मोस्टॅट उघडत नाही, आणि तोवर गरम ऑइल पुढच्या मडगार्डमधल्या कूलरमधून फिरतच नाही. शिवाय तापलं की ते फुगतं. डॅशबोर्डवरचा ऑइल पातळीचा काटाही याच स्थितीत खरं बोलतो. धावत्या गाडीत तो खाली पडतो आणि लोक घाबरून कॅन उघडतात.

मी गाडी अर्धा तास चालवून आणली, स्लोवर ठेवली, पट्टी पुसून परत बुडवली. ऑइल वरच्या खुणेच्याही पुष्कळ वर. या पट्टीवर दोन खुणांमध्येच दीड-पावणेदोन लिटरचं अंतर असतं, म्हणजे जादा किती असेल बघा. टाकीतली वाफ इंजिनाला हवा नेणाऱ्या रबरी नळीत सोडलेली असते; टाकी जास्त भरली की वाफेबरोबर ऑइलही तिथे जातं आणि जळतं. ती नळी काढली तर आत ऑइलचं थारोळं. चढावर निघणारा तो निळा धूर तिथून येत होता. हातपंपाने उपसून ऑइल खुणांच्या मध्ये आणलं, नळ्या धुतल्या, पुन्हा त्याच चढावर नेली. धूर नाही.

मी सांगलीत बुलेटवर शिकलो. जुन्या बिडाच्या इंजिनाची बुलेट महिनाभर उभी राहिली की तिचंही ऑइल खाली क्रँकपाशी उतरतं. पट्टी बघून वरून ओतलं की ती धूर मारते. आमचे उस्ताद झिजलेल्या पिस्टन रिंगांचं नाव काढण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचे, “किती दिवस उभी होती?” इथे शिकून येणारी पोरं हुशार आहेत, पण स्कॅनर जोडायला काही नसलं की थेट इंजिन खोलायची भाषा करतात. कित्येक नव्या गाड्यांत पट्टीच उरलेली नाही, तर त्यांना ती वाचायला कोण शिकवणार? त्या गॅरेजवर मात्र मला राग आहे. बाई निष्काळजी असत्या तर गाडीला काही झालं नसतं. त्या दर आठवड्याला मनापासून काळजी घेत होत्या, आणि त्यांना एक प्रश्न विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

प्रकरण डोक्यातून जात नाही ते वेगळ्याच कारणाने. खात्री म्हणून मी सहाही सिलिंडरांची लीकडाउन चाचणी घेतली, म्हणजे आत हवा दाबून किती सुटते ते पाहिलं. पाच चांगले, एकात हवा थोडी जास्त सुटत होती, एक्झॉस्टच्या बाजूने. या ३.२ इंजिनात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरळ धरणाऱ्या नळ्या, झिजतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जिथे गाइड झिजलं तिथे व्हॉल्व्हही नीट बसत नाही. म्हणजे त्या कागदात थोडं तथ्य असेलही. पण इतक्या जादा ऑइलवर चाललेल्या इंजिनाचं खरं खाणं किती, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. १००० किलोमीटर चालवा, दर वेळी फेरीहून आल्यावर, इंजिन चालू असताना मोजा, किती ओतलं ते लिहून ठेवा. त्यांच्याकडून मी समोर दोनदा मोजून घेतलं. इंजिन चालू असताना झाकण उघडायला पहिल्यांदा त्यांचा हात धजत नव्हता, दुसऱ्यांदा सहज उघडलं. गाडीची नंबरप्लेट हंगामी, एप्रिल ते ऑक्टोबरची आहे; बाकीचे महिने ती रस्त्यावर आणता येत नाही. हिवाळ्यासाठी झाकून ठेवण्याआधी त्या आकडे घेऊन येतील. व्हॉल्व्ह बघायला सिलिंडर हेड काढायचं की नाही, ते तेव्हा बघू.