पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार

काकांनी उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका दलालाकडे सौद्यांच्या नोंदी ठेवण्यात घालवली. त्यांच्या आठवणी सध्या लिहून घेतोय, कारण पुणे शेअर बाजाराबद्दल मराठीत फार थोडं सापडतं.

बाजार सुरू झाला 1982 साली. मुंबई इतकी जवळ असताना पुण्याला वेगळा बाजार कशाला, असं आज वाटेल. पण तेव्हा कंपनीला आपल्या भागातल्या बाजारात शेअर नोंदवावेच लागत. शिवाय सौदे रिंगमध्ये, म्हणजे बाजारातल्या सौद्यांच्या जागेत, उभं राहून, ओरडून व्हायचे. तिथे आपला माणूस हवाच. काका सांगतात, सगळं तोंडी ठरायचं आणि शब्द फिरवणाऱ्याशी पुन्हा कुणी सौदा करत नसे. मला यातला हा विश्वास फार मोठा वाटतो.

1994 मध्ये एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, संगणकाच्या पडद्यावरचे सौदे आले. एकच भाव देशभर दिसू लागला, मग स्थानिक रिंगला काय उरलं? पुढे प्रादेशिक नोंदणीची सक्तीही गेली. 2012 मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, 1000 कोटींहून कमी वार्षिक उलाढालीच्या बाजारांसाठी शेअर बाजार म्हणून असलेली मान्यता सोडून बाहेर पडण्याचं धोरण आणलं. 2015 मध्ये पुणे बाहेर पडलं. छोट्या गुंतवणूकदाराला मोठ्या बाजारांत भाव अधिक चोख मिळतो, हे मला मान्य आहे. पण नव्या कंपनीला ओळखणारा गावातला बाजार गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.