अख्खी सिस्टीम फाईलीत बसली, अडलं ते प्रिंटरच्या ड्रायव्हरवर

निक्सओएस या लिनक्सवर येऊन आता बराच काळ झाला, सगळं मस्त चालू आहे, पण त्या प्रिंटर ड्रायव्हरचा राग अजून डोक्यातून जात नाही. शोधलं तेव्हा तुकड्या-तुकड्यांत माहिती मिळाली, एका जागी कुठेच नव्हती, म्हणून लिहून ठेवतेय.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या लिनक्सवर आपण एकेक कमांड मारत जातो, हे पॅकेज टाक, ती फाईल बदल, अमुक सर्व्हिस चालू कर, आणि काही वर्षांनी मशीनवर नक्की काय काय केलंय ते आपल्यालाही सांगता येत नाही. निक्सओएसमध्ये कॉन्फिगरेशन डॉट निक्स नावाच्या फाईलीत मशीन कसं हवंय ते लिहायचं, पॅकेजेस, युजर, सर्व्हिसेस, टाइमझोन, कीबोर्ड लेआउट सगळं, आणि निक्सओएस-रीबिल्ड स्विच मारायचं. तसं मशीन तयार होऊन मिळतं. बिघडलं तर बूट मेनूत जुनी जनरेशन, म्हणजे मशीनची आधीची अवस्था, असतेच, ती निवडायची की कालचं मशीन परत. हे काही कालपरवाचं खूळ नाही, निक्स हे मुळातलं पॅकेज मॅनेजर एल्को डोल्स्त्रा यांनी २००३ मध्ये सुरू केलं आणि २००६ मध्ये त्यावरच पीएचडी केली.

इन्स्टॉल, वायफाय, आवाज, डेस्कटॉप यात सांगण्यासारखं काहीच नाही, झालं. फ्लेक (कॉन्फिग आवृत्त्यांसकट बांधून ठेवायची निक्सची पद्धत) वापरत असाल आणि कॉन्फिग गिटमध्ये (फाईलींचे बदल नोंदवणारं साधन) असेल तर एवढंच लक्षात ठेवा की नवी फाईल बनवली की आधी गिट ॲड करायचं, कमिट नाही केलं तरी चालतं पण ॲड पाहिजेच, नाहीतर निक्सच्या लेखी ती फाईल अस्तित्वातच नसते आणि समोर दिसत असलेली फाईल सापडत नाही असा एरर येतो. होम मॅनेजर (युजरच्या सेटिंग निक्सने सांभाळणारं साधन) पहिल्यांदा लावताना तो जुन्या डॉटफाईल्सवर, म्हणजे होम फोल्डरातल्या सेटिंगच्या फाईलींवर, अडतो, त्यासाठी बॅकअप फाईल एक्स्टेन्शन नावाचा ऑप्शन आहे तो द्या, जुनी फाईल तो बाजूला ठेवतो.

आता प्रिंटर.

माझा प्रिंटर जुना, यूएसबीवर चालणारा लेझर. हल्लीचे बरेच नेटवर्क प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर या सामाईक पद्धतीवर ड्रायव्हरशिवायच चालतात, तुमचा तसला असेल तर सर्व्हिसेस डॉट प्रिंटिंग डॉट इनेबल आणि तो नेटवर्कवर सापडायला अव्हाही ही सर्व्हिस, एवढं पुरतं, पुढचं वाचायची गरज नाही. माझ्या मॉडेलचा ड्रायव्हर निक्सपॅकेजेसमध्ये, म्हणजे निक्सच्या पॅकेजेसच्या साठ्यात, नव्हता. एक लाखाच्या वर पॅकेजेस आहेत तिथे, आणि नेमका माझाच नाही! कंपनीच्या साईटवर 'लिनक्ससाठी' म्हणून एक डेब फाईल (डेबियन-उबंटूचं पॅकेज) ठेवलेली, सोर्स कोड नाही. ती उघडली तर आत एक पीपीडी फाईल (प्रिंटरची माहिती), एक पर्ल स्क्रिप्ट आणि एक तयार बायनरी फिल्टर, म्हणजे छापायचं ते प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम.

इथे खरी गोम आहे. निक्सओएसवर /लिब, /यूएसआर/लिब असले नेहमीचे फोल्डर आपण समजतो तसे नसतातच. /बिनमध्ये फक्त एसएच, /यूएसआर/बिनमध्ये फक्त एन्व्ह. बाकी प्रत्येक गोष्ट निक्स स्टोअरमध्ये, ३२ अक्षरी हॅश लावलेल्या आपापल्या फोल्डरात, आणि तो हॅश ती गोष्ट कशाकशापासून बनली त्यावरून निघतो. म्हणूनच तर रोलबॅक जमतो, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात. पण बाहेरून आलेल्या बायनरीत लोडरचा, म्हणजे तिला सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता आधीच कोरलेला असतो, आणि त्या पत्त्यावर इथे कुणी राहतच नाही. आधी अशी बायनरी चालवली की 'अशी फाईल नाही' एवढंच यायचं, निक्सओएस २४.०५ पासून निदान नीट मेसेज येतो की बाबा हा प्रोग्रॅम इथे असा चालणार नाही. पण तो मेसेज टर्मिनलवर. प्रिंट दिली की कप्स (छपाई सांभाळणारी सर्व्हिस) फक्त 'फिल्टर फेल्ड' म्हणून मोकळा होतो.

फिल्टर फेल्ड! का फेल, कशामुळे फेल, काही नाही. सगळ्यात आधी सर्व्हिसेस डॉट प्रिंटिंग डॉट लॉगलेव्हल डीबग करा आणि जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टीमचा लॉग दाखवणारी कमांड) कप्सचं युनिट वाचा, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

ज्याला विचारावं तो सांगतो निक्स-एलडी लाव, म्हणजे बायनरी जिथे लोडर शोधते तिथे तिला एक लोडर मिळतो. चांगली गोष्ट आहे, तयार बायनरी चालवायला मी इतर ठिकाणी रोज वापरते. पण फाईल कमांड मारून बघितलं तर माझा फिल्टर ३२ बिट, लोडर मागतोय /लिब/एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट २, आणि प्रोग्रॅम्स डॉट निक्स-एलडी चालू केल्यावर सोय होते ती ६४ बिटवाल्यांची. म्हणजे तो रस्ता बंद. ६४ बिट मशीन्स येऊन इतकी वर्षं झाली तरी कंपनी ३२ बिट बायनरी ठेवते आणि त्याला लिनक्स सपोर्ट म्हणते याचा मला मनापासून राग आहे. सपोर्टला लिहिलं, निदान ६४ बिट तरी द्या म्हणून, तर उत्तर आलं की आमच्या यादीत जी लिनक्स आहेत त्यातलं एखादं वापरा.

मग स्वतःच पॅकेज लिहायला घेतलं. डीपीकेजी-डेबने फाईल उलगडायची, सामान आउट फोल्डरात टाकायचं, फिल्टर लिब/कप्स/फिल्टरमध्ये, पीपीडी शेअर/कप्स/मॉडेलमध्ये, आणि ऑटोपॅचएल्फहुक लावायचा. हा हुक बायनरीतला लोडरचा पत्ता आणि लायब्ररींचे पत्ते बदलून देतो. पण नेहमीच्या पॅकेजेसमधून केलं तर तो ६४ बिट लायब्ररी हातात घेऊन बसतो, पीकेजीएसआय६८६लिनक्स या ३२ बिटवाल्या संचामधून सगळं घ्यावं लागतं. हे केल्यावर फिल्टर टर्मिनलवर चालायला लागला. मी खूश. प्रिंट दिली. फिल्टर फेल्ड.

हे लक्षात ठेवा, हाताने चालतं आणि क्यूमधून चालत नाही यात भूताटकी काही नसते. कप्स फिल्टर वेगळ्या युजरने चालवतो, आपल्या शेलमधले पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्याची यादी) आणि बाकीचे व्हेरिएबल त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पर्लची स्क्रिप्ट मध्ये सेड आणि घोस्टस्क्रिप्ट हाक मारत होती, ते तिला सापडत नव्हते. मेकरॅपर घेऊन रॅपप्रोग्रॅमने स्क्रिप्टला तिचा पाथ बांधून दिला.

आणि तरीही फिल्टर फेल्ड. लॉगमध्ये या वेळी बायनरी सुरू होऊन मरत होती. या टप्प्यावर मी खरोखर टेकीला आले होते, मशीन पुसून परत जुन्या डिस्ट्रोवर जावं असं वाटत होतं. मग स्ट्रेस लावलं (प्रोग्रॅम कुठली फाईल उघडतो ते दाखवणारी ती कमांड, दुसरं स्ट्रेस तर होतंच) आणि दिसलं की बायनरी आतून थेट /ऑप्ट मधली आपली सेटिंगची फाईल उघडायला जाते. तो पत्ता बायनरीच्या पोटात कोरलेला, ऑटोपॅचएल्फ त्याला हात लावत नाही, तो फक्त लोडर आणि लायब्ररींचं बघतो. सेडने बदलावं तर नवी स्ट्रिंग जुनीपेक्षा लांब चालत नाही, आणि निक्स स्टोअरचा पत्ता तर हा एवढा लांब.

उत्तर निघालं लिबरीडायरेक्ट. निक्सपॅकेजेसमध्येच आहे. एलडी प्रीलोडने ती लायब्ररी बायनरीच्या आधी लोड करायची आणि निक्स रीडायरेक्ट्स या व्हेरिएबलमध्ये सांगायचं की /ऑप्टमधलं मागितलं की स्टोअरमधलं दे. बायनरीला वाटतं सगळं जागच्या जागी आहे. मात्र लायब्ररीही ३२ बिटचीच लागते, ६४ बिटची दिली तर लोडर 'राँग एल्फ क्लास' अशी ओळ टाकून ती सोडून देतो आणि पुढे जातो. ती एक ओळ लॉगच्या ढिगात शोधायला लागते, तुम्ही आधीच बघून ठेवा.

आणि पान आलं. टेस्ट पेज, नीट, काळंभोर. इतका आनंद मला मोठमोठी कामं संपवूनही झालेला नाही.

मग हार्डवेअर डॉट प्रिंटर्स डॉट एन्शुअरप्रिंटर्समध्ये नाव, यूआरआय (प्रिंटरचा पत्ता) आणि मॉडेल लिहून टाकलं. यूआरआय एलपीइन्फो उणे व्ही ने मिळतो, मॉडेलचं नाव उणे एम ने. नंतर लॅपटॉपवर कॉन्फिगची तीच गिट रेपो ओढून स्विच मारलं, केबल जोडली आणि प्रिंट दिली, झाली. एका क्लिकची झंझट नाही. मी जे एवढं झगडून शोधलं ते आता सगळं एका छोट्या फाईलीत आहे आणि ते मला पुन्हा कधी आठवावं लागणार नाही. दुसऱ्या कुठल्या सिस्टीमवर हे असं टिकलं असतं का, मला नाही वाटत.

आठवेल तसं अजून थोडं. कंपनीची ती डेब फाईल स्वतःकडे कॉपी करून ठेवा, लिंक कधी मरेल सांगता येत नाही आणि हॅश लिहिलेला असला तरी फाईलच नसेल तर निक्स काय करणार. हॅश माहीत नसेल तर लिब डॉट फेकहॅश टाका, एररमध्ये खरा हॅश येतो, तो उचलून लावा. पासवर्ड कॉन्फिगमध्ये लिहू नका, स्टोअर मशीनवरच्या सगळ्यांना वाचता येतं, पासवर्ड गुप्त ठेवायला सॉप्स-निक्स किंवा एजनिक्स बघा. स्टेटव्हर्जन अपग्रेड करताना बदलायचा नसतो, तो पहिल्या इन्स्टॉलचा आहे तसाच राहू दे. आणि निक्स-कलेक्ट-गार्बेज उणे डी मारायची घाई करू नका, त्याने जुन्या जनरेशन सगळ्या जातात आणि परत जायला काही उरत नाही, मी चौदा दिवसांपेक्षा जुन्याच काढते.

नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरात येते. तेव्हा मी थेट स्विच नाही मारत, आधी निक्सओएस-रीबिल्ड टेस्ट, त्याने बूट मेनूत काही जात नाही, मग एक पान छापून बघते, आलं तर स्विच.