मारिओ १-४ : आगीच्या दांड्यांमधून पलीकडे

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधल्या पहिल्या तीन लेव्हल (१-१ ते १-३) नुसतं धावत सुटलं तरी पार होतात. चौथीत, म्हणजे पहिल्या जगाच्या चौथ्या लेव्हलमध्ये (१-४), पहिल्या किल्ल्यात, तसं धावलं की जळायला होतं. तिथे आगीच्या फिरत्या दांड्या आहेत. त्या उडी मारून मरत नाहीत आणि आगीचं फूल घेतल्यावर मारिओला फेकता येणाऱ्या गोळ्यांनी विझतही नाहीत. चुकवणं हाच मार्ग.

आधी दांडीचं माप समजून घ्या. एका ठोकळ्यात रोवलेले सहा गोळे, प्रत्येक गोळा अर्ध्या ठोकळ्याएवढा. म्हणजे टोक जेमतेम तीन ठोकळ्यांपर्यंत पोचतं. भिंत, छत, जमीन या सगळ्यातून दांडी आरपार फिरते. तेव्हा थांबायचं ते मधल्या ठोकळ्यापासून चार ठोकळे मागे, त्याहून जवळ नाही.

सुरुवातीच्या पायऱ्या उतरून लाव्हा ओलांडला की प्रश्नचिन्हाचा ठोकळा लागतो. त्यात मारिओला मोठं करणारं मश्रूम किंवा आगीचं फूल असतं. ते घ्याच. पहिली दांडी तिथेच, जमिनीत रोवलेली आहे.

पुढची अरुंद वाट हा खरा किल्ला. इथल्या बहुतेक दांड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात, आणि सगळी मेख यातच आहे. छताला लटकलेली दांडी खालच्या अर्ध्या फेरीत डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे आपल्याच दिशेने. तिला पुढे जाऊ द्या आणि ती उजवीकडून वर चढू लागली की खालून निघा. इथे उडी अजिबात नको. बहुतेक जण घाबरून उडी मारतात आणि थेट दांडीवर आदळतात. जमिनीतल्या दांडीचं उलटं असतं. ती वरच्या अर्ध्या फेरीत आपल्या अंगावर येते. ती डावीकडे जमिनीत बुडेपर्यंत थांबा, बुडाली की लगेच ठोकळ्यावरून उडी टाका.

घाई करू नका. घड्याळ ३०० पासून उतरतं, म्हणजे साधारण दोन मिनिटं हातात असतात. मात्र मधे कुठे चेकपॉइंट नाही, मेलात की पुन्हा पायऱ्यांपासून. मोठ्या मारिओला चटका बसला तर तो लहान होऊन काही क्षण लुकलुकतो. तेवढ्यात त्याला काही लागत नाही, म्हणून मागे न पळता पुढेच निघा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेल्या, कॅसेट घालायच्या व्हिडिओ गेमवर खेळत असाल तर टर्बोच्या, म्हणजे धरून ठेवलं की आपोआप दाबलं-सोडलं जाणाऱ्या, बटणाने उडी मारू नका. उडीची उंची बटण किती वेळ दाबून धरलं यावर ठरते आणि टर्बो ते सतत सोडत राहतं. उडी बुटकी पडते.

दांड्या संपल्या की समोरून बाउझरच्या, म्हणजे किल्ल्याच्या टोकाला उभ्या खलनायकाच्या, ज्वाळा येऊ लागतात, तो दिसायच्याही आधी. याच टप्प्यात नाण्यांचे सहा अदृश्य ठोकळे आहेत. ज्वाळा चुकवताना डोकं आपटून उडी मधेच तुटते. फूल टिकलं असेल तर पाच गोळ्यांत बाउझर पडतो. नसेल तर तो उंच उडाला की खालून पळा आणि पुलापलीकडच्या कुऱ्हाडीला हात लावा.

६-४ चा, म्हणजे सहाव्या जगातल्या किल्ल्याचा, नकाशा हाच आहे, पण दांड्या जास्त आणि लाव्ह्यातून उसळणारे गोळेही आहेत. त्याआधी ५-४ मध्ये बारा गोळ्यांची लांब दांडी भेटते. तिथे चार ठोकळ्यांचं अंतर पुरत नाही, सात धरा.